करडईचं केशर

सिद्धलिंगप्पांच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी अकरा वर्षं तराजू धरला. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, सगळं चोख. खोटं होतं ते फक्त केशर. आमच्या भागात करडईला काय तोटा? अक्कलकोटकडच्या बायका तिची सुकलेली लाल फुलं आणून द्यायच्या. मालक पाकळ्या तुपाच्या हातानं चोळायचे, वर खऱ्या केशराच्या चार काड्या टाकायचे आणि डबा भरायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन आण घ्यायचे. लिंगायत माणसानं लिंगावर घेतलेली आण, पुढं कोण बोलणार? मी खाली मान घालून पुड्या बांधायचो. मीठ त्यांचं खात होतो.

चौऱ्याहत्तर साली मालकांना दुकानाची चौकट वाकडी दिसायला लागली. त्यांनी सुताराला बोलावून शिव्या घातल्या. त्यानं ओळंबा लावून दाखवला, चौकट सरळ होती. मग माणसांचे चेहरे जायला लागले. समोरच्याचे कान दिसायचे, पटका दिसायचा, मधलं तोंड नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा मधोमध झिजतोय, यावर इलाज नाही. वैद्यांनी मात्र अस्सल केशर दुधातून घ्यायला सांगितलं, रोज सकाळी, तीन महिने. हमी नाही, पण आहे ती नजर टिकली तर टिकेल, म्हणाले.

सोलापुरातल्या कुठल्याच दुकानातून केशर घ्यायची मालकांची छाती होईना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शेवटी ओळखीच्या माणसाकडून मुंबईहून सीलबंद डबी मागवली. ती मीच फोडली. दुकानभर वास सुटला. मालकांना तेवढा आला नाही. चाळीस वर्षं तपकीर ओढून नाक कधीच मेलं होतं.

दूध द्यायची त्यांची विधवा सून, महादेवी. पाच वर्षांपूर्वी तिच्या आईला, गंगम्माला, हाच आजार झाला होता. महादेवीनं सासऱ्याच्या पाया पडून केशर मागितलं होतं आणि मालकांनी आमच्याच डब्यातली पुडी दिली होती. खरं आहे ना, असं गंगम्मानं विचारलं तेव्हा या माणसानं लिंग हातात घेतलं. बिचारी वर्षभर ते दूध तीर्थासारखं प्यायली आणि मरताना लेकीचं तोंड हातानं चाचपत होती. महादेवी म्हणायची, मामंजींनी दिलं होतं, आईच्याच नशिबात नव्हतं. ती पुडी मी बांधलेली. तिला खरं मी कधी सांगितलं नाही. लाजेनं नव्हे, भीतीनं.

महिना झाला तरी मालकांना फरक पडेना. संशयानं माणूस नुसता धुमसत होता. एका सकाळी मी दुकानाच्या किल्ल्या आणायला त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी दुधाचा पेला महादेवीच्या अंगावर फेकलेला. तू मला करडई पाजतेस, म्हणत होते. महादेवीनं पदरानं तोंड पुसलं आणि गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं.

"मामंजी, लिंग हातात घिऊन सांगते, डबीतलंच केसर हाय."

मालक हसले. "मला नगं सांगूस लिंगाची आण. तुज्या आयला करडी दिली तवा म्या बी हीच घेतली हुती."

बोलून गेल्यावरही त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी तपकीर ओढली. महादेवीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली, अकरा वर्षांची सवय. तेवढ्यात तिला काय ते कळलं. ती खाली बसली आणि जमिनीवरचं दूध पुसत राहिली. तिची मला फार दया आली, आणि त्या दयेचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आत ती दुकानात आली आणि आमच्या डब्यातलं दोन मुठी केशर मागितलं. कशाला, हे मी विचारलं नाही. मोजून दिलं. मुंबईची डबी तिनं आईला जिथं पुरलं होतं त्या मातीवर उपडी केली.

पुढचे दोन महिने मालक करडईचं दूध प्यायले. दिवाळीपर्यंत त्यांना ताटातली भाकरी दिसेना. परवा पेपरात वाचलं, अशा डोळ्यांना केशरानं गुण येतो का, ते आता मोठमोठे डॉक्टर तपासताहेत म्हणे. मालकांची नजर टिकली असती का, देव जाणे.

मला आठवतो तो त्या बदललेल्या दुधाचा पहिला पेला. मी किल्ल्यांसाठी दारात उभा होतो. मालकांनी तो घोट घोट संपवला आणि मिशा पुसल्या.

"आज अस्सल हाय बग," ते म्हणाले. "दम दिल्याबिगर कोन खरं देत न्हाय."

"व्हय, मामंजी," महादेवी म्हणाली आणि पेला विसळायला घेऊन गेली.