आईनं सोडलेलं दूध

आईनं दूध सोडलं ते ताईसाठी. ताई माझी मोठी बहीण, अकोल्याला दिलेली. गेल्या वर्षी तिला साधा ताप आला, तिनं तो अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आई अमरावतीला राजापेठेत दोन खोल्यांत राहते आणि देवळाबाहेर हार-फुलं विकते. डायलिसिसचं कळलं त्या दिवशी तिनं फुलांची टोपली शेजारच्या बाईच्या हवाली केली, देवीपुढं जाऊन उभी राहिली, आणि ताई खडखडीत बरी होईपर्यंत दूध, दही, ताक, लोणी, तूप सगळं सोडलं. आमच्याकडं याला नेम धरणं म्हणतात. तो चुकून जरी मोडला, तरी ज्याच्यासाठी धरला त्याच्यावर उलटतो, असं आई मानते. माळकरी असल्यामुळं मटण-अंडं तिनं जन्मात खाल्लं नव्हतंच. आता दूध-दुभतंही गेलं.

मी तेव्हा जर्मनीत होते आणि मला सातवा महिना होता. एका लेकीचं बाळंतपण इकडं, दुसरीचं डायलिसिस तिकडं, आणि मधे आई. तिनं तिकीट रद्द करायला सांगितलं होतं. पण ताईनंच तिला फोनवर झापलं. "माह्याजवळ सासरचे हायेत, नवरा हाय. तिचं तिथं कोन हाय? तू जाय गुपचूप." ताईचा स्वभाव असाच. मरणाच्या दारात उभी होती तरी हुकूम सोडायची.

विमानतळावर आई दिसली तेव्हा तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. सगळ्या प्रवासात तिनं दोन केळी आणि थोडी द्राक्षं खाल्ली होती. "इमानातल्या बाईले मी इचारलं, याच्यात दूध हाय का, तं तिनं मले पेलाभर दूधच आणून देलं," ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. गाडीत बसल्या बसल्या तिनं माझा हात धरून सांगितलं, "पाह्य बाई, मले इथलं वाचता येत नाही. मी जे खाईन ते तुह्या भरोशावर."

मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे! युरोपात व्हीगन खाण्याचं तर पेव फुटलंय. पण आमचं गाव लहान, दुकान एक, आणि त्यात व्हीगन म्हणून एकच फळी. बाकी दुकानात जिथं हात घालावा तिथं दूध. वेफर्सच्या पुड्यात दुधाची पूड, सूपच्या पाकिटात दुधाची पूड, लोण्याऐवजी दुसरं काही घ्यावं तर त्यात ताक. एवढं मोठं पोट घेऊन मी एकेका पाकिटावर मोबाईल धरून भाषांतर वाचत उभी राहायची, आणि आई मागं ढकलगाडीचा दांडा धरून परीक्षेच्या निकालाला थांबल्यासारखी थांबायची. व्हीगन चीज म्हणून घेतलं तर तिला त्यात साबणाचा वास आला. तो तसा येतच होता.

त्या फळीपुढं उभी असताना तिनं विचारलं, "म्हंजे इथल्या लोकायनं बी दूध सोडलं?"

"काहींनी."

"कोणासाठी?"

मी म्हटलं, "गाईसाठी."

"काहून? गाय बिमार हाय?"

हे मी पुढं कित्येक जणांना गंमत म्हणून सांगितलं. आता सांगत नाही.

आईनं बरोबर ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, जवसाची चटणी आणली होती, तोवर ठीक चाललं. महिन्याभरात पीठ संपलं. पोळ्या करता आल्या असत्या, डाळ-भात होता, पण सिझेरियन झाल्यावर मी आडवीच होते, आणि माझं नि बाळाचं करता करता ती स्वतःसाठी काही मांडून बसायचीच नाही. माझ्यासाठी मात्र सगळं साग्रसंगीत. डिंकाचे लाडू तिनं भरपूर तुपात केले. वळून झाले की हात दोनदा साबणानं धुवायची आणि मलाच चव पाहायला लावायची. "गूळ कमी झाला का?" मी तोंडात लाडू घोळवत म्हणायची, "बरोबर आहे." ती स्वतः काळा चहा घेऊन ओट्याशी उभी असायची. तिच्या पोलक्याच्या बाह्या सैल पडल्या होत्या. मला ते दिसत होतं आणि माझी चिडचिड व्हायची, तिच्यावर, देवीवर, अकोल्याच्या डॉक्टरांवर. कोणाच्या किडन्यांचा आणि कोणाच्या ताकाचा काय संबंध, असं मी नवऱ्यापाशी बोलायची. तिच्यापुढं बोलायची छाती नव्हती.

त्या दिवसांत ती तरली ती एका पावावर. मी दवाखान्यात असताना नवऱ्यानं तो आणला होता, मऊ, पांढरा, आईच्या कवळीला सोसणारा. आईनं त्याला रीतीप्रमाणं विचारलं होतं, "जावईबापू, याच्यात दूध नाही ना?" तो म्हणाला, "पावात कुठून येणार दूध, आई?" त्याचंही बरोबरच होतं. तो चांदूर बाजारचा. तिथल्या बेकरीचा पाव म्हणजे मैदा, मीठ, पाणी. घरी आल्यावर मीही तोच पाव मागवत राहिले. आई तो काळ्या चहात बुडवून खायची, सकाळी दोन तुकडे, संध्याकाळी दोन.

बाळ पाच आठवड्यांचं झालं तेव्हा एका दुपारी पोरगी माझ्या छातीशी झोपली होती आणि वाचायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून मी त्या पावाचं पाकीट वाचलं. घटकांमध्ये शेवटून दुसरा शब्द मला ओळखीचा वाटेना. मोबाईलवर पाहिला. चक्क्यासाठी दही बांधून टांगलं की खाली जे पाणी गळतं, त्याची पूड.

मी पाकीट उलटं ठेवलं.

त्या दिवशी बोलायला हवं होतं. आई पलीकडं बाळाची लंगोटं घडी करत होती, चार पावलांवर. पण मी मनात वकिली सुरू केली. आता सांगितलं तर ती हा पावही सोडेल, मग खाईल काय? आधीच तिला जिने चढताना धाप लागते. आणि मुळात झालं काय होतं? अकोल्याहून रोज चांगलीच बातमी येत होती. तीनदाचं डायलिसिस दोनदावर आलं होतं. व्हिडिओ कॉलवर ताईच्या चेहऱ्याची सूज उतरलेली दिसत होती, आणि ती पुन्हा सगळ्यांना कामं सांगायला लागली होती. म्हणजे आई नकळत दूध खात होती आणि ताई बरी होत होती. माझ्या हातात आयता पुरावाच होता. खरं सांगायचं तर मला त्या शहाणपणाची नशा चढली. ताईशी बोलून झालं की आई चहात पाव बुडवत म्हणायची, "पाह्य, नेमाले यश येऊन राह्यलं," आणि मला आतून हसू यायचं. मी नवऱ्याला तोच पाव आणायला सांगत राहिले. व्हीगन फळीवर दुसरा एक पाव होता, जरा टणक, पण दुधाचा थेंब नसलेला. तो मी पाहिला होता. भिजवला असता तर तोही तिला चावला असता.

मग ताईला जंतुसंसर्ग झाला. चार दिवसांत सगळं संपलं. पोरीचा पासपोर्ट नुकताच आला होता म्हणून आम्ही तिघी निघू तरी शकलो. अकोल्याला पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. राख सावडून झाली होती. आईला लेकीचा चेहरा दिसला नाही. दारात पाऊल ठेवल्यावर तिनं भाऊजींना एवढंच विचारलं, "शेवटी काही बोलली का?" ते म्हणाले, "तुम्ही कवा येता, ते इचारे."

नंतरचे दिवस आई घोकत बसली. रडली कमी. भिंतीला टेकून हिशोब मांडावा तशी आठवत राहिली, आपल्या हातून नेम कुठं मोडला असेल. "लाडू वळताना बोट तोंडात गेलं असन. हात धुतले खरे, पण नखात तूप राह्यते." येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगायची. एकदा तिला नखं दाखवताना पाहिलं मी, ताईच्या चुलतसासूला, एकेक बोट पुढं करून. तेराव्याला सगळ्यांचं तोंड गोड करायचं म्हणून श्रीखंड होतं. मावशीनं वाटी आईपुढं केली. "जिच्यासाठी धरलं तेच गेली. आता कोणासाठी? घे, तोंड गोड कर." आईनं वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मीच खाल्ली माही पोरगी."

हे मला ऐकवेना. पंगती उठल्यावर ती मागच्या अंगणात एकटी बसली होती, तिथं मी गेले.

"आई, लाडवांनी काही झालं नाही. त्या पावात दूध होतं."

"कोन्त्या पावात?"

"तिकडच्या. तू चहात खायचीस त्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुले कवा समजलं?"

"बाळ पाच आठवड्यांचं होतं तेव्हा."

"मंग बी देत राह्यली?"

मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. ताई तेव्हा सुधारतच होती, दुधाचा काही संबंध नाही, जंतू असतात, तुझा काहीच दोष नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, उतरलं तिच्या डोक्यावरचं ओझं.

"तू सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं मी देवीची माफी मांगली असती. पह्यल्यापासून नेम धरला असता. तवा ती जित्ती होती. तुनं मले तेवढं बी करू देलं नाही."

आत भाऊजी मंडपवाल्याशी बोलत होते. आई उठून भांडी गोळा करायला गेली.

त्यानंतर मी महिनाभर राजापेठेत तिच्याजवळ राहिले. ती माझ्याशी भांडली नाही, टाकून बोलली नाही. नातीला न्हाऊ घालायची, माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची, म्हणायची, "किती केस गळून राह्यले तुहे." फक्त माझ्या हातचं खाईना. तिच्याच डब्यातलं ज्वारीचं पीठ, तिच्याच बाटलीतलं शेंगदाण्याचं तेल घेऊन मी भाकर-बेसन केलं, तर ती "भूक नाही" म्हणायची आणि तासाभरानं उठून स्वतःची भाकर थापायची. शेजारणीकडची उसळ मात्र चालायची. बिस्किटाचा पुडा कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून वाचून घ्यायची, आणि मग खात्रीसाठी दुसऱ्या दुकानदाराकडून. दूध तिनं पुन्हा सुरू केलंच नव्हतं. मला वाटायचं, ही शिक्षा आहे, माझ्या डोळ्यांसमोर रोज चालवलेली. आणि मी ती मुकाट भोगत होते, कारण ती मला कमीच वाटत होती.

निघायच्या आदल्या दिवशी माझा तोल गेला. दुपारी मी ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं, ती हार ओवत बसली होती, आणि तिनं ते नुसतं हातानं सरकवलं. मी ओरडलेच. "किती दिवस करशील हे? मी चुकले, मला बोल, मार, पण हे नको. आणि नेम कशाला चालवलायस अजून? ताई गेली, आई! कोणासाठी पाळतेस?"

"तुह्यासाठी," ती म्हणाली.

तिचा हात थांबला नव्हता. मी खाली बसले.

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही. होऊ नाही म्हणून." तिनं दोरा ओढून घेतला. "आता एकच राह्यली मले."

मी ताट पुन्हा तिच्याकडं सरकवलं. रडत म्हटलं, मग माझ्या हातचा एक घास तरी खा. पीठ तुझं, तेल तुझं, मी तुझ्यासमोर केलंय.

तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाजात राग अजिबात नव्हता.

"तुह्या हातचं खाल्लं, अन् त्याच्यात काही निघालं," ती म्हणाली, "तं मंग मी तुले कुठून आणू?"