भाऊजींच्या गाडीचा उतारा

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, घरात गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शहापूरच्या एका शेठच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. इंदूर, आग्रा असे लांबचे फेरे करून पंधरवड्याने घरी येत आणि रस्त्यात साठलेलं सगळं बोलणं ओटीवर ओतत. ऐकायला माणूस मिळालं नाही तर गोठ्यातल्या बैलाला सांगत. "इतके दिस काचेसमोर बसतो गो, कोनाशी बोलू? आता तू आयक," असं म्हणून मला भाकऱ्या थापतानाही सोडत नसत. मी चिडत असे, पण ऐकत असे.

माझा नवरा म्हसा गावच्या जत्रेत मोठ्या ऐटीत बैल पारखायचा. भाऊजी मागे उभे राहून म्हणायचे, "दात काय बघतोस रे? हॉर्न वाजतो का बघ." सगळा बाजार हसायचा, बैलाचा मालकसुद्धा.

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास हे बोलणं आटलं. घरी आले तरी खाली उतरतच नसत. अंगणाबाहेर गाडी उभी, इंजिन बंद, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. जेवणाचं ताट तिथेच न्यावं लागे आणि भात तसाच परत येई. अपघात झाला नव्हता, घरात कुणी गेलं नव्हतं. काही घडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटे. बोट ठेवायला जागा तरी मिळाली असती. एकदा खडसावून विचारलं तेव्हा म्हणाले, "काय झाला नाय गो. गाडी घरी येते, मीच पोचत नाय."

सासूबाईंनी दोष शोधून काढला, तो गाडीत. गाडीत बसला की गप्प होतो, गाडीतून उतरत नाही, म्हणजे गाडीच बाधलेली! शेठलाही ते पटलं. गाडीला दृष्ट लागते याबद्दल त्या धंद्यात कुणालाच शंका नसे. सिद्धगडाच्या बाजूचा एक भगत आणला. त्याने गाडीवरून कोंबडा ओवाळला, चाकाचाकापाशी नारळ फोडला आणि केबिनमध्ये धूर सोडला. भाऊजी त्या धुरात खोकत बसून राहिले. त्यांना आधी खाली उतरवावं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उरलेला नारळ भगताच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं.

"यांना कल्याणच्या डॉक्टरकडे न्या," म्हणून मी हटून बसले. सासूबाई कडाडल्या, "माजा पोर येडा नाय! लोकांनी आयकला तं गाडी कोन देल त्याला?" ही भीतीही खोटी नव्हती. शेवटी शेठने ती गाडी विकली आणि भाऊजींना नवी कोरी दिली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नव्या गाडीला हार घालताना भाऊजी मला हळूच म्हणाले, "गाडीचा समदा केलात गो तुमी. गाडी बरी हाय. मी नाय." त्याच दिवशी नवऱ्याच्या मागे लागून मी त्याला कबूल करायला लावलं: एवढी फेरी झाली की डॉक्टर.

ती फेरी पुरी झालीच नाही. कसाऱ्याला क्लीनर चहा प्यायला उतरला आणि परत आला तो गाडीत कुणी नव्हतं. चहावाल्याने भाऊजींना रस्ता सोडून रानात शिरताना पाहिलं होतं. आमच्या माणसांनी दऱ्याखोरी पालथी घातली. ते आजतागायत सापडलेले नाहीत.

भाऊजी नाहीसे झाल्याचा निरोप घेऊन शेठचा दिवाणजी आला, तेव्हा सासूबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. आपण धीर देतो आहोत असंच त्या बिचाऱ्याला वाटत असावं.

"आजी, घाबरू नका," तो म्हणाला. "गाडीला ओरखडासुद्धा नाय. चाकांना दगड लावून, नीट कडेला उभी केलीय त्यानी."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

"जळो ती गाडी!" त्या म्हणाल्या. "माजा पोर कुटं हाय, ता सांग."