मिडचा हॉर्न आणि वस्तादांचा कान

शाहूपुरीत आमचं स्पीकर बनवायचं वर्कशॉप आहे. लाकडाचा भुसा रोज झाडून निघतो, किस्से मात्र तसेच साठत जातात. एका हॉर्नचे तर इतके साठलेत की विचारू नका!

मालक बापू, जुने पैलवान. सुतारकामाला मारुती, वायरिंगला मी. बापूंच्या तालमीच्या हॉलला नवा सेट द्यायचा होता. बापूंचे वस्ताद आता नव्वदीला टेकलेले. त्यांना काही सांगायची कुणाची टाप नाही. दोन वर्षं त्यांनी कार्यक्रमाला येणंच सोडलेलं. "नुसती तोंडं हलत्यात. ऐकू काय येत न्हाय. बसून काय करू?" बापूंच्या हे लई मनाला लागलं होतं. मिडचा हॉर्न, म्हणजे माणसाचं बोलणं ज्यातनं स्पष्ट निघतं तो भोंगा, कुठं बसवला तर वस्तादांना ऐकू येईल? प्रश्न एवढाच!

*

"हॉर्न कानाच्या उंचीला पायजे," बापू म्हणाले. मारुतीनं टेप काढला. पण कुणाच्या कानाला? समोर बापूच उभे होते. सहा फूट दोन इंच!

हॉलमध्ये लोक सतरंजीवर बसतात, हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही. सेट चालू केला. खाली बसलेली माणसं ढिम्म, आणि झरोक्यातली कबुतरं भुर्रकन उडाली.

मारुती म्हणाला, "बापू, कबुतरांना एकदम क्लिअर गेलंय बघा!"

*

मग हॉर्न बासच्या, म्हणजे जाड आवाजाच्या, मोठ्या पेटीवरनं उतरवून शेजारी खाली ठेवला. पहिल्या रांगेत तालमीतले पैलवान बसले, आणि मागं आवाज गेलाच नाही.

"वायरिंग चेक करतो," मी म्हटलं.

बापू खेकसले, "वायरिंगला काय धाड भरलीय? ह्यांच्या माना बघ की! आवाज जाणार कुठनं?"

*

शेवटी हॉर्न परत वर चढवला, मागं लाकडाची पाचर मारून तोंड खाली झुकवलं. वस्तादांची जागा शेवटच्या खांबाजवळ. तिथं बापू स्वतः बसले.

"हितं कमी येतंय. डावीकडं घे."

घेतला.

"आता आणि कमी. उजवीकडं घे."

अर्धा तास हेच. मग माझ्या लक्षात आलं. बापूंचा डावा कान कुस्तीत मोडून पार मिटलेला, आणि बोलताना मान वळली की तोच कान हॉर्नकडं!

मारुती वैतागला, "बापू, हॉर्न हलवू का तुमचं डोस्कं?"

बापू हसले, मग मोडका कान चोळत म्हणाले, "माझी ही गत. वस्तादांचं काय हुणार?"

*

कार्यक्रमाच्या दिवशी बापूंनी हातापाया पडून वस्तादांना आणलं. खांबाला टेकून बसवलं. स्वतः माइक घेतला.

"वस्ताद, ऐकू येत असंल तर हात वर करा!"

अख्खा हॉल मागं वळून बघायला लागला. हात हलला नाही.

"वस्ताद, नुसता हात वर करा की!"

काही नाही. बापूंचं तोंड एवढंसं झालं. माइक बंद करायचंही भान राहिलं नाही. शेजारी उभ्या मारुतीला हळूच म्हणाले, "हरलो गड्या आपण."

खांबाकडनं वस्तादांचा आवाज आला, "वस्तादाला हात वर करायला लावतोस व्हय? आणि मातीला पाठ लागलीय का अजून? मग हरलो कशाला म्हणतोस मर्दा?"