धुरा समजून पेटवलेला डोंगर

औंढ्याच्या मागच्या डोंगराला लागून एक तांडा आहे. तिथं मिनाला सगळे डोंगरवाली म्हणतात. आधी टोमण्यानं म्हणायचे, आता सवयीनं. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळं तिचं बालपण कारखान्याच्या कडेच्या पाचटाच्या कोपीत गेलं. तरी ती शिकली. हिंगोलीत वसतिगृहात राहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, आणि थाटामाटानं लावून दिलेल्या लग्नातून एका पिशवीनिशी परत आली. का आली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तांड्यानं आपापलं उत्तर ठरवून टाकलं. वडील प्रेमदास तोवर वारले होते. आई रुख्मिणीबाई एवढंच म्हणाली, आलीस तर आलीस, चूल पेटव.

पहिले दोन उन्हाळे मिनानं वनखात्याच्या हंगामी मजुरीवर काढले. वणवा दिसला की फोन करायचा, पळसाच्या हिरव्या फांद्या घेऊन धावायचं, गवत झोडपायचं. मग औंढ्याच्या एका संस्थेनं विचारलं, की कॉलेजच्या मुलांना डोंगर दाखवशील का. तेव्हापासून ती सहली काढते. देवदर्शनाच्या नव्हे, जंगल कसं राखतात आणि आग कशी लागते, हे दाखवणाऱ्या. जाळरेषा दाखवायची. म्हणजे वनखातं थंडीत, पहाटेच्या दवात, दोन्ही बाजूंचं गवत आधी कापून जो पट्टा मुद्दाम जाळून काढतं तो. पुढं वणवा आला तर तिथं त्याला खायला काही उरत नाही. मग ती आगपेटी काढायची. एक काडी पेटवून गूल वर ठेवायची, दुसरीचं गूल खाली करायची. खालच्या तोंडाची ज्योत सरसर वर चढून बोटाला झोंबायची. डोंगर म्हणजे ही दुसरी काडी, ती सांगायची, आग चढताना पळते.

रुख्मिणीबाईला हे काम पटत नव्हतं. लोकांची लेकरं वाळल्या गवतात नेऊन बसवायची म्हणजे काय. सहल असली की ती दिवसभर अंगणातून वर बघत राही. लेक खाली उतरेपर्यंत तिच्या पोटात अन्न जात नसे.

यंदा होळीच्या आधी हिंगोलीहून रत्नपाल सर त्यांच्या वर्गाला घेऊन आले. सर पर्यावरण शिकवायचे, मोकळे होते, चढताना मुलांच्या बरोबरीनं धापा टाकत होते. दुपारी सगळे सालईच्या झाडाखाली डबे उघडून बसले. मिना घासभर खाऊन उठली, कारण वारा फिरला होता. आणि तेवढ्यात खालच्या अंगानं, जिथून पाऊलवाट तांड्याकडं उतरते तिथून, पांढरा धूर उठला. बघता बघता तो पिवळा झाला.

मुलं मोबाईल काढून उभी राहिली. कुणाला वाटलं, हेही सहलीतलंच आहे. सर ओरडले, "वर चला सगळे, माथ्यावर."

"वर न्हाई, सर," मिना म्हणाली. "वर ती आपल्या आधी पोचती. काळ्यावर चला. डबे राहू द्या."

डोंगराच्या कण्यावरून जाळरेषा गेली होती, ती डाव्या हाताला. मिनानं एकेकाला हाताला धरून त्या जळक्या पट्ट्यावर ढकललं. तोंडाला रुमाल बांधून बसायला लावलं. आग आली तेव्हा आधी तिचा आवाज आला, तव्यावर फुटाणे फुटावेत तसा, आणि मग ज्या झाडाखाली ते जेवत होते तिथलं गवत एका दमात पेटून गेलं. उघडे डबे डोळ्यांदेखत जळाले. कुणी रडलं नाही. रडायला उसंतच मिळाली नाही.

आग माथ्याकडं निघून गेल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ऐश्वर्या?"

ऐश्वर्याच्या सँडलचा पट्टा तुटला होता. तांड्यातून चप्पल मागून आणते म्हणून ती मैत्रिणीला सांगून खाली गेली होती. मैत्रीण ते सांगायला विसरली. आणि मिनानं, जी पानावरचा किडासुद्धा मुलांना बोट करून दाखवते, तिनं एक सबंध मुलगी कमी असल्याचं पाहिलं नव्हतं.

मुलं सरांवर सोपवून ती धुमसत्या उतारावरून खाली निघाली. पायाखाली राख चटके देत होती. अर्ध्या वाटेवर तिला सँडल दिसली. एकच. तळवा वितळून दगडाला चिकटला होता. मिना त्या दगडापाशी उभी राहिली. आजूबाजूला बघायची तिची हिंमत होईना. बघितलं तर काय दिसेल, हे तिला ठाऊक होतं, आणि ते दिसलं नाही तोवर ती पोरगी जिवंत होती. मग ती धावली.

खाली तांड्याच्या कडेला तिची याडी, म्हणजे आई, आणि ऐश्वर्या, दोघी पळसाच्या फांद्यांनी उरलेलं गवत झोडपत होत्या. पोरीच्या पायात रुख्मिणीबाईच्या चपला होत्या. भुवया जळल्या होत्या, चेहरा काळा झाला होता, पण ती उभी होती, चालत होती. मिनानं तिचे दोन्ही दंड घट्ट धरले आणि सोडलेच नाहीत.

"मॅडम, मी सांगते," ऐश्वर्या म्हणाली. "आजी पट्टा जाळत होत्या. जाळरेषा म्हणाल्या. मला वाटलं, आपलं प्रात्यक्षिक आहे. मी पण पेटवलं. व्हिडिओ पण आहे."

सकाळी पहिल्या रांगेत उभी राहून काड्यांचा खेळ बघणारी हीच मुलगी होती.

"आगं, त्यात काय," रुख्मिणीबाई म्हणाली. "दरसाल धुरा पेटवते मी. आपल्या वावरात कधी गेली का आग पुढं? तूच म्हणती, पट्टा जाळला की वणवा वर जात न्हाई. तू लेकरं घेऊन वर बसती, हितं माझा जीव टांगलेला. म्हणलं, खाली एक पट्टा काढून ठेवू."

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दोन्ही अंगांना नांगरलेलं रान असतं. आग बांधाबांधानं जाते आणि मातीत मरते. जन्मभर तिनं तीच आग पाहिली होती. डोंगराला नांगरट नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या गावांतल्या मुलांना मिनानं ते काड्या पेटवून दाखवलं होतं. घरात मात्र नुसता शब्द सांगितला होता.

एवढ्यात वनरक्षक गोपीचंद मोटारसायकलवरून आला, मागं आणखी माणसं. मुलं सुखरूप आहेत, सर त्यांना कडेकडेनं उतरवताहेत, हे सरांकडूनच फोनवर ऐकून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग विचारलं, की लावली कुणी.

"मी लावली. काहून?" रुख्मिणीबाई पुढं झाली. "तुमी लावता तवा चालते का?" आणि ऐश्वर्याला पाठीमागं सारत म्हणाली, "ही पोरगी आत्ता आली. तिला काही ठावं न्हाई."

गोपीचंदनं मिनाकडं पाहिलं. तो तिच्यासोबत दोन उन्हाळे आगीमागं धावला होता, ती म्हणेल ते त्यानं मानलं असतं. मिना मध्ये आली. "याडीनं लावली," ती म्हणाली, "आन् ह्या पोरीनं लावली. माझ्या सहलीत. तिघींचं लिवा."

रुख्मिणीबाईच्या हातातली फांदी खाली पडली. पोरीला पाठीशी घालणाऱ्या आईला पोटच्या लेकीनं चारचौघांत खोटं पाडलं होतं.

ऐश्वर्याच्या हातातला फोन तेवढ्यात वाजायला लागला. कुणीतरी वरून जळत्या डोंगराचा फोटो पाठवला होता, तो हिंगोलीपर्यंत पोचला असणार. पडद्यावर आई असं नाव होतं. पोरगी फोन उचलेना, नुसती हमसायला लागली. मिनानं तो घेतला.

तिनं काहीच लपवलं नाही. ताई, मी सहल घेऊन जाणारी मिना. पोरगी जिवंत आहे, माझ्यासमोर आहे, भुवया जळल्यात. ती कमी आहे हे मला कळलंच नाही. आग तिच्याही हातानं लागली, माझ्या आईच्याही. आम्ही तिला दवाखान्यात नेतोय.

मिना शिव्यांची वाट बघत राहिली. त्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"जेवली का ती?" पलीकडून ऐश्वर्याच्या आईनं विचारलं.

मिनाला सालईखालचे उघडे डबे आठवले. "न्हाई, ताई," ती म्हणाली.

रुख्मिणीबाई हे ऐकत होती. ती लेकीकडं न बघता वळली आणि तशाच काळ्या हातांनी घरात चूल पेटवायला गेली. काडी ओढल्याचा आवाज बाहेर आला, तशी मिना दचकली.