आत्याला न ओळखू आलेलं लाकूड

माझ्या आत्याला झाडं ओळखू येत नाहीत, हे सांगून कुणाला खरं वाटत नाही. रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभी राहून ती खुशाल मला विचारते, "हे गं कसलं झाड?" तेच झाड तोडून, फोडून, साल काढून तिच्यापुढे टाका, हातात घेताक्षणी नाव सांगेल. सगळा जन्म जळाऊ लाकडाच्या वखारीत गेला. झाडाची बाहेरची बाजू बघायला तिला सवड कधी मिळाली?

वखारीत लाकूड फोडूनच येतं, सगळ्या जातींचं एकत्र. ते निवडून वेगळं रचायचं, हे तिचं काम. बेकरीच्या भट्टीत कडुनिंबाचा एक तुकडा जरी गेला तरी पाव कडू लागल्याची बोंब होते, म्हणून बेकरीचा ढीग ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दोन लाकडं कानाशी एकमेकांवर आपटते, कापलेल्या टोकावर पाण्याचा हात फिरवते, नखाने ओरखडते आणि मग नाकाशी धरते. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही. बोललात तर अशी खेकसते, की आपण चोरी करताना सापडलो असं वाटतं.

तिला ओळखू येणारं उभं झाड एकच होतं, आमच्या परसातलं जांभूळ. त्याच्याखाली ती आणि बाबा वाढले. लग्न झालं नाही तिचं. वखारीजवळ खोली घेऊन राहिली, पण आमच्याकडे आली की आधी मागच्या दारी जायची. मुळांनी भिंत उचलली म्हणून बाबांनी ते झाड मागच्या वर्षी पाडलं आणि लाकूड एका ठेकेदाराला दिलं. आत्याला सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. ती आली की बाबा म्हणायचे, "मागचं दार जाम झालंय." आत्या म्हणायची, "मग रंधा मार की त्याला! का दाराचीही भीती वाटते तुला?"

परवा दुपारी ती एक लाकूड काखेत घेऊन आली. पाणीसुद्धा न पिता ते टेबलावर ठेवलं. बाबांनी चहाचा कप उचलून बाजूला घेतला.

"दादा, तू बघ जरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी कुठे कळतंय आता!"

लाकूड बाहेरून साधंच होतं. आतून मात्र शाई सांडल्यासारखं काळंनिळं. आत्या ते उलटंसुलटं करत राहिली. वास जांभळाचा, रेघा जांभळाच्या, आवाजही जांभळाचाच. मग हा रंग कुठून आला? बाभूळ म्हणावं तर तेवढं वजन नाही. शिसव म्हणावं तर शिसव चुलीत कोण घालतंय?

"वखारीच्या मालकिणीसमोर तीन नावं घेतली मी आणि तिन्ही गिळली. ती नुसती बघत राहिली." आत्याचा आवाज फाटला. "माझं नाक गेलं रे दादा. उद्या जाऊन सांगते तिला, जमत नाही आता म्हणून."

आणि ती रडायला लागली. आत्या रडते हेच मला ठाऊक नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून मी तिच्यापुढे पाणी ठेवलं, मग उचललं, मग परत ठेवलं. बाबांकडे पाहिलं तर ते भलतीकडेच, मागच्या बंद दाराकडे बघत होते. चेहरा पांढरा पडलेला. रडतेय आत्या आणि यांना काय झालं?

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला आणि वाटलं, पडला नसता तर बरं. सांगावं तर तिचं झाड जातं, न सांगावं तर तिचं नाक.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "जांभूळच आहे ते. आत खिळा होता. लोखंडाने काळं पडलंय."

"खिळा?" आत्याने डोळे पुसले. लाकूड पुन्हा नाकाशी धरलं, आणि तिचा चेहरा असा फुलला, की मला लाज वाटली. "बघ! मी म्हणत नव्हते, वास जांभळाचाच आहे म्हणून? मेला खिळा, माझी अक्कल काढत होता!" मग ती थांबली. "पण तुला कसं ठाऊक, आत खिळा होता?"

"कापताना करवतीचे दात गेले त्याच्यावर." बाबांनी मान वर केली नाही. "दप्तर अडकवायला तूच ठोकला होतास."

आत्याने लाकूड टेबलावर ठेवलं. उठली, मागच्या दाराशी गेली आणि कडी काढली. दार एका हाताने उघडलं. परसात नवी भिंत होती आणि ऊन पडलं होतं.

बाबा पुटपुटले, "सांगणार होतो गं."

तिला ते ऐकूच गेलं नसावं. पाठमोरीच म्हणाली, "ह्या लाकडाबरोबर आलेलं बाकीचं सगळं मी बरोबर ओळखलं होतं. चांगलं वाळलेलं जांभूळ, असं मीच म्हणाले आणि माझ्या हाताने बेकरीला पाठवलं."