लाल गाडीचं दार

पडेगावच्या रस्त्याला चाचांचं गॅरेज आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही. माझी दोन दारांची जुनी लाल स्पोर्ट्स कार महिन्यातून एकदा तरी तिथं उभी असते. कधी दौलताबादच्या घाटात तापते, कधी क्लच घसरतो, कधी ऑइल गळतं. चाचा आधी आत बसून इंजिन ऐकतात. उतरल्यावर दार दोन्ही तळव्यांनी असं लावतात, जणू आत लेकरू झोपलंय. खर्चाचा आकडा मात्र ते कधी स्वतःच्या नावावर घेत नाहीत. "रेडिएटर गळायलाय सर. नऊ हजार मागायलीय ही," असं म्हणून गाडीकडं बघतात.

परवा मी वैतागून गाडी विकायला काढली. गिऱ्हाईकाला दाखवायला चाचांकडंच घेऊन गेलो. त्यानं एक चक्कर मारली, उतरून धाडकन दार लावलं आणि चाचांना विचारलं, "कशी आहे?"

चाचांनी हात पुसले. "क्लच गेला. रेडिएटर गळायलाय. इंजिन उतरवावं लागंल. लाखभर धरून चला."

गिऱ्हाईक तिथूनच रिक्षा करून गेलं. मी भडकलो. "अहो चाचा, क्लच, रेडिएटर दोन्ही तुम्हीच दिवाळीत नवे टाकलेत ना?"

"व्हय, टाकले की." चाचा फडक्यानं दाराची कड पुसत होते. "पण दार कसं आपटलं त्यानं, बघितलं नाय का तुम्ही?"

मी आत बसलो आणि दार हळूच ओढून घेतलं. चाचांचं लक्ष होतं.