तळ्याकाठच्या गावाची दुलई

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर ओळीवर राहत नाही. ही वही कोणी वाचलीच तर सांभाळून घ्यावं.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांत मुलगा अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होता, मी त्याच्याकडे राहायला गेले. खाली घरमालकीण राहायची, चेकोस्लोव्हाकियाच्या एका लहान खेड्यातली एकटी म्हातारी. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून, म्हणून जमलं. मी तिला मावशी म्हणायचे. गाव ती टेबलावर मांडून दाखवायची. बशी म्हणजे तळं, भोवती काड्यापेट्या म्हणजे घरं, साखरेचं भांडं म्हणजे चढावरचं चर्च. घराघराची पांढरी बदकं त्याच तळ्यात. युद्धात सैनिकांनी बदकं नेली, चर्चची घंटाही नेली. पुढे राज्य बदललं, शेतं सरकारजमा झाली. तेव्हा आईने भरलेली पिसांची दुलई पाठीला बांधून ती देश सोडून निघाली.

एकदा ती दोन दिवस मुलीकडे गेली, किल्ली माझ्याकडे देऊन. दुलईला कुबट वास येत होता. आपण गादीतला कापूस काढून उन्हात घालतो, तसंच करावं, मावशी खूश होईल, असं वाटलं. मागच्या अंगणात चादर पसरून मी शिवण उसवली. तेवढ्यात वारा सुटला.

पिसं कुंपणापलीकडे, झाडांत, रस्त्यावर. दुपारपर्यंत गवतातून वेचत होते. मुलगा आला आणि बघतच राहिला.

"आई, हे काय केलंस! तिने लीज कॅन्सल केलं तर सेमिस्टरच्या मध्येच कुठे जायचं?"

"तू सांग ना तिला, इंग्रजीत."

"मी? पिसं तू उडवलीस!"

संध्याकाळी मावशीची गाडी थांबली. वेचलेल्या पिसांचा अभ्रा तिने हातात तोलला.

"निम्मी," एवढंच म्हणाली.

"नवी पिसं आणा. पैसे मी देईन," मी म्हणाले.

ती नको म्हणाली नाही. "शनिवारी खाली ये."

तिने बदकांच्या फार्मवरून पोतंभर पिसं आणली. तिच्या गावात हिवाळ्यात बायका एका घरी जमून पिसांचा मऊ भाग काडीवरून सोलून काढायच्या. हसायचं नाही, शिंकायचं नाही, दार उघडायचं नाही. आम्ही तशाच बसलो. दोन शनिवार ती एक शब्द बोलली नाही. आज खोली सोडा म्हणेल, असं दर वेळी वाटायचं. तिसऱ्या शनिवारी मला शिंक आली. टेबलभर पिसं उडाली.

"आमच्याकडे तुला तळ्यात बुडवली असती," ती म्हणाली, आणि तळ्याचं पाणी गिरणीकडे कुठून जायचं ते बोटाने दाखवू लागली.

शेजारची मुलं सांभाळून मिळायचे त्यातले पाच डॉलर मी दर शनिवारी ठेवायचे. ती मोजून डब्यात टाकायची. थंडी सरता सरता दुलई भरली. शेवटचे तीन डॉलर तिने दोनदा मोजले आणि झाकण लावलं. पैसे पुरते फिटले.